रुग्णाचे गुपित

जयपूर शहरात सीकरकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या अंगाला मुरलीपुरा नावाची वस्ती आहे. नोकरीच्या निमित्ताने तेथे स्थायिक झालेले एखादे मराठी कुटुंब क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. घरात साताऱ्याहून मुलाकडे राहावयास आलेली सत्तरीची आई आहे. तिचा मधुमेह किती जुना, शस्त्रक्रिया कोणत्या साली झाली, कोणते औषध तिला मानवत नाही, हे सारे साताऱ्याच्या डॉक्टरांना तोंडपाठ होते. जयपूरच्या डॉक्टरांपुढे ती बसते तेव्हा मात्र तिच्या हाती असते ती एका पिशवीत कोंबलेली कागदांची चळत. त्यातील निम्म्या कागदांवरची शाई पुसट झालेली, आणि उरलेल्यांपैकी नेमका हवा तो कागद घरीच राहिलेला.

या अडचणीवर आजच्या काळाने एक उपाय काढला आहे. रुग्णाचा वैद्यकीय इतिहास संगणकात साठवावा, तो दूरच्या यंत्रांवर सांभाळावा आणि खिशातील मोबाइलवरून हवा तेव्हा, हवा तेथे काढून दाखवावा. उपाय सोयीचा आहे यात संशय नाही. परंतु जी नोंद साताऱ्याहून जयपूरला क्षणार्धात पोचू शकते, ती वाटेत आणखी कोणाच्या हाती पडणार नाही कशावरून? हा प्रश्न यंत्राचा वाटतो. वस्तुतः तो फार जुना आहे, आणि त्याची किंमत महाराष्ट्राने एकदा मोजलेली आहे.

रोगी वैद्याला जे सांगतो ते तो बहुधा सख्ख्या भावालाही सांगत नाही. म्हणूनच वैद्यकाचा उदय झाला त्याच सुमारास वैद्याच्या मौनाचा नियमही जन्मास आला. ग्रीक परंपरेत हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेत तो आहे. आपल्याकडे चरकसंहितेच्या विमानस्थानात गुरू शिष्याला जो उपदेश करतो, त्यात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर फोडू नयेत अशी स्पष्ट आज्ञा आहे. विद्या शिकविण्यापूर्वीच हे बंधन घालण्यात येई, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कारण उघड आहे. गुपित फुटेल अशी धास्ती असली की रोगी खरे सांगत नाही. आणि खरे कळले नाही की निष्णात वैद्याचेही निदान चुकते.

ही धास्ती समाजाच्या समाजाला कशी ग्रासते, याचा दाखला १८९६-९७ च्या प्लेगने दिला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी या रोगाचे निदान केले. पुढच्या वर्षी ४ फेब्रुवारीला साथरोगांचा कायदा अमलात आला आणि सरकारला झडतीचे, विलगीकरणाचे व सक्तीचे विस्तृत अधिकार मिळाले. पुण्यात रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेगची खास समिती नेमण्यात आली आणि मार्च १८९७ पासून गोऱ्या सोजिरांकरवी घरोघर झडत्या सुरू झाल्या. आजाऱ्याचा शोध घेणे हा त्यामागचा हेतू शास्त्राला धरून होता. परंतु माजघरात आणि देवघरात बूट वाजू लागले, स्त्रियांची तपासणी परक्यांच्या देखत होऊ लागली, आणि आजारी माणसाबरोबर घरच्यांनाही छावणीत नेण्यात येऊ लागले.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. लोक रोगाला भ्यायचे ते रोग कळण्याला अधिक भिऊ लागले. आजारी माणसे माळ्यावर आणि अडगळीत लपविण्यात आली, मृत्यूही दडविण्यात आले, आणि ज्यांना शक्य होते त्यांनी शहर सोडले. जी तपासणी रोग आवरण्यासाठी होती, तिच्याच भयाने रोग दृष्टीआड गेला. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या, हा इतिहास सर्वश्रुत आहे. दडविलेल्या रुग्णांचा इतिहास मात्र कोणी फारसा सांगत नाही.

त्याच साथीत दुसरेही एक चित्र दिसले. सावित्रीबाई फुले यांनी डॉक्टर असलेल्या आपल्या दत्तक पुत्राच्या, यशवंतराव यांच्या साहाय्याने पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला, आणि रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. मुंबईत निरनिराळ्या समाजांनी आपापली प्लेग रुग्णालये उघडली. पुण्यात टिळकांनी तसाच प्रयत्न केला. सरकारी रुग्णालयाच्या नावाने थरथर कापणारी माणसे तेथे जाण्यास तयार होत. औषध दोन्हीकडे सारखेच तोकडे होते. विश्वास मात्र सारखा नव्हता. आपली अब्रू ज्याच्या हाती सुरक्षित आहे त्याच्याच हाती माणूस आपली नाडी देतो, हा त्या साथीचा धडा होय.

स्वातंत्र्योत्तर काळात हा धडा हळूहळू कायद्याच्या भाषेत उतरला. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात रुग्णाच्या गुप्ततेचे महत्त्व मान्य केले, पण दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेथे तिला मर्यादा पडते, असेही सांगितले. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनी रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवण्याचे आणि मागणी आल्यावर ७२ तासांत देण्याचे बंधन डॉक्टरांवर घातले. २०१७ हे वर्ष या बाबतीत विशेष ठरले. एचआयव्ही बाधितांविषयीच्या आणि मानसिक आरोग्याविषयीच्या कायद्यांनी गुप्ततेला स्पष्ट संरक्षण दिले, आणि २४ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. राजस्थानने २०२३ साली आरोग्याच्या हक्काचा कायदा करून या दिशेने आपले पाऊल टाकले.

कायदा असा सावकाश चालत असताना यंत्र मात्र धावत होते. २००१ च्या सुमारास इस्रोने उपग्रहाच्या आधारे दूरच्या रुग्णालयांना शहरातील तज्ज्ञांशी जोडण्याचे प्रयोग आरंभिले. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेली सी-डॅक ही संस्था महासंगणकासाठी प्रसिद्ध आहे. परंतु वैद्यकीय नोंदी सर्वत्र एकाच पद्धतीने लिहिल्या जाव्यात म्हणून जी मानके २०१३ साली जाहीर झाली आणि २०१६ साली सुधारण्यात आली, त्यांच्या प्रसाराचे राष्ट्रीय केंद्रही याच संस्थेने पुण्यात चालविले. तिच्याच मोहाली शाखेने ई-संजीवनी ही दूरसल्ल्याची सेवा घडविली. २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाचे नियम प्रसिद्ध झाले. पुढील महिन्यात, करोनाच्या टाळेबंदीत, ई-संजीवनी थेट नागरिकांच्या घरापर्यंत पोचली. आणि २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत तिच्यावरील सल्ल्यांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली.

ज्याला क्लाउड म्हणजे मेघ म्हणतात, तो आकाशात नसतो. दूर कोठेतरी मोठमोठ्या इमारतींत अहोरात्र चालणारे हजारो संगणक असतात. आपली नोंद त्यांवर ठेवली जाते आणि तिच्या प्रती एकाहून अधिक ठिकाणी सांभाळल्या जातात. एका दवाखान्यास आग लागली किंवा पुराचे पाणी शिरले तरी नोंद नष्ट होत नाही, हा तिचा मोठा लाभ. परंतु नोंद परक्याच्या घरी ठेवावयाची म्हणजे ती कुलपात ठेवणे आले. हे कुलूप म्हणजे कूटलेखन. नोंद पाठविण्यापूर्वी तिची अक्षरे गणिती रीतीने अशी बदलली जातात, की जवळ योग्य किल्ली नसेल तर वाचणाऱ्याला निव्वळ निरर्थक चिन्हे दिसावीत.

केवळ लपविणे पुरेसे नसते. नोंदीत कोणी फेरफार केलेला नाही याचीही खात्री हवी. मराठ्यांच्या राज्यात पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपताच खाली मोर्तब होई. मोर्तबानंतर कोणी एक ओळ घुसडली तर ती खोटी, हे कारकुनालाही कळे. आजची डिजिटल स्वाक्षरी हेच काम करते. औषधाच्या मात्रेतील एक शून्य जरी कोणी बदलले, तरी मोर्तब मोडल्याचे यंत्राला तत्काळ समजते.

एवढा बंदोबस्त असूनही घात होऊ शकतो. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांच्या कुलपाआड गेली. ज्या विद्येने रुग्णाचे रक्षण करावयाचे तीच विद्या त्याच्यावर उलटविण्यात आली. कित्येक दिवस नोंदणीपासून अहवालांपर्यंत सारे काम पुन्हा कागदावर करावे लागले. शेवटी मदतीस आली ती हल्ल्यातून वाचलेल्या एका राखीव सर्व्हरवरील प्रत. दुसरी प्रत नेहमी वेगळ्या पेटीत ठेवावी, हे जुन्या दप्तरदाराचे शहाणपण महासंगणकांच्या युगातही खरे ठरले.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले, तेव्हा त्याच्या रचनेत एक मार्मिक गोष्ट होती. प्रत्येक नागरिकाला चौदा अंकी आभा क्रमांक मिळतो. पण त्याच्या साऱ्या नोंदी एका प्रचंड कोठारात ओतल्या जात नाहीत. ज्या रुग्णालयात नोंद झाली तेथेच ती राहते, आणि रुग्णाने संमती दिली तरच, त्याने दिली तेवढ्याच मुदतीसाठी आणि तेवढ्याच कामासाठी, ती दुसऱ्या डॉक्टरांपुढे उघडते. २०२३ साली झालेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षण कायद्यानेही संमतीलाच मध्यवर्ती स्थान दिले आहे. १८९७ सालच्या झडतीत दार उघडावयाचे की नाही हे घरच्यांनी ठरवावयाचे नव्हते. या रचनेत कडी आतून आहे. दोन काळांमधला खरा फरक हाच होय.

तथापि कडी आतून असली तरी ती कोणाच्या हाती आहे, हेही पाहिले पाहिजे. मुरलीपुऱ्यातील त्या आईच्या संमतीसाठी येणारा आकडा कदाचित मुलाच्या मोबाइलवर येईल. मुलगा प्रेमळ असेल. पण जे दुखणे आईला मुलाला सांगावयाचे नव्हते तेही त्याला कळेल. घरात एकच फोन असलेल्या सुनेची, किंवा आपला आजार सासरी कळू नये म्हणून धडपडणाऱ्या मुलीची गोष्ट याहून अवघड आहे. ‘मला मान्य आहे’ या शब्दांवर बोट टेकविणारा प्रत्येकजण त्याखालचा मजकूर वाचू शकतोच असे नाही. उत्तम कूटलेखनही या ठिकाणी हतबल आहे. तेथे उपयोगी पडते ती आरोग्यसेविकेने मायेने सांगितलेली माहिती, समजेल अशा मराठीत वा हिंदीत लिहिलेला संमतीचा मजकूर, आणि रुग्णाशी एकांतात बोलण्याची डॉक्टरांची जुनीच रीत.

म्हणून डिजिटल आरोग्यसेवेचे यश किती कोटी नोंदी साठल्या, एवढ्यावरून मोजता यावयाचे नाही. किती माणसांनी निर्भयपणे खरे सांगितले, यावरून ते मोजावे लागेल. माळ्यावर लपविलेला रोगी सोजिरांच्या झडतीने बरा झाला नाही आणि घाबरून दडविलेले दुखणे मेघातूनही दिसणार नाही. उद्या मुरलीपुऱ्याच्या दवाखान्यात ती आई कागदांच्या पिशवीवाचून जाईल. साताऱ्याची नोंद तिच्या संमतीने नव्या डॉक्टरांपुढे उघडेल, आणि काम संपताच पुन्हा मिटेल. साताऱ्याचे डॉक्टर तिचे गुपित जसे आपल्यापाशी ठेवीत, तसेच या यंत्रालाही ठेवता आले, तर चरकाची ती जुनी आज्ञा नव्या काळातही पाळली गेली असे म्हणता येईल.