मशिदीकडे पाण्याच्या वाटेने

मालवण किनाऱ्यावरच्या आणि त्यामागच्या आपल्या जुन्या वस्त्यांची नावे घेऊन पाहा. खारेपाटण, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले, बांदा. यांतले एकही गाव समुद्रापासून किंवा खाडी-नदीपासून लांब नाही. आज आपण या गावांना एस.टी.ने जातो, म्हणजे एका अर्थी मागच्या दाराने जातो. ज्या पूर्वजांनी इथे घरे बांधली, त्यांचे पुढचे दार पाण्याकडे होते. त्यांच्या मशिदीही त्याच बाजूने पाहाव्यात असे आमचे मत आहे, आणि गेली काही वर्षे आम्ही ते जमेल तसे करत आलो आहोत.

खारेपाटणचेच घ्या. मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्याला ते पुलालगतचे एक गाव वाटते. पण विजयदुर्गापासून वाघोटणच्या खाडीने आत, भरतीचे पाणी जिथवर चढे तिथे हे बंदर वसले होते. वरून घाटातले बैलांचे तांडे उतरत, खालून गलबते येत आणि मालाची अदलाबदल इथे होई. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये या गावाविषयी एक नोंद आहे. डझनाहून अधिक मशिदींच्या जागा गावकरी दाखवतात आणि जामा मशिदीच्या अवशेषांवरून ती मोठी, देखणी इमारत असावी, असे त्यात म्हटले आहे. एवढ्या मशिदी उगाच उभ्या राहत नाहीत. त्यामागे मोठी जमात लागते आणि जमातीच्या हाती व्यापार लागतो. पुढे खाडी गाळाने भरत गेली, गलबते यायची थांबली आणि वस्ती विरळ झाली. लढाईत पडलेल्या मशिदींच्या कहाण्या सगळे सांगतात. गाळाने ओस पडलेल्यांची कोणी सांगत नाही.

याच खारेपाटणात शिलाहार राजा रट्टराजाचा १००८ सालचा ताम्रपट मिळाला. तो प्रथम वाचणारे बाळशास्त्री जांभेकर याच मुलखातले, पोंभुर्ल्याचे. दान आहे शिवमंदिराला. त्यात तीन गावे दिली आहेतच, शिवाय परद्वीपांहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचे एक गद्याण नाणे मंदिराला लावून दिले आहे. परद्वीपांच्या या जहाजांवर अरबही असणार, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. म्हणजे देवळाच्या दिवाबत्तीचा काही खर्च दर्यावर्दी मुसलमानांच्या मालातून चालत होता.

आता दुसरी बाजू पाहा. गोव्याचा कदंब राजा पहिला जयकेशी याचा अकराव्या शतकाच्या मध्यावरचा एक ताम्रपट आहे. त्याच्या पदरी ताजिक, म्हणजे अरब वंशाचा एक अधिकारी होता. त्याने बांधलेल्या मशिदीच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांवर कर बसवल्याचे त्यात लिहिले आहे. मशिदीला शब्द वापरला आहे ‘मिजिगिति’. दिल्लीला सुलतान यायला तेव्हा दीडशे वर्षे अवकाश होता. तुम्ही कोणाच्या तलवारीबरोबर आलात, असे आपल्या मुलांना शाळेत विचारले जाते, तेव्हा हे दोन ताम्रपट आम्हाला आठवतात. आपण शिडाबरोबर आलो, आणि इथल्या राजांनी जागा दिली म्हणून राहिलो.

खारेपाटणात जे ढासळले, ते मूळ रूपात कसे दिसत असेल हे पाहायला उत्तरेला दाभोळला जावे लागते. आम्ही गेलो ते गुहागरच्या अंगाने, धोपावे जेटीवरून. २००३ पासून तिथे गाड्या नेणारी फेरीबोट चालते. बोट वाशिष्ठीच्या मधोमध आली की समोरच्या माडांतून घुमट आणि मिनार वर येऊ लागतात. गॅझेटियरने माप दिले आहे, लांबी-रुंदी ६३ फूट बाय ५४ फूट आणि उंची सुमारे ७५ फूट. विजापूरचा गोलघुमट पाहिलेल्याला ही इमारत खेळण्यासारखी वाटेल, पण घडण तीच आहे. दगडी जोते, कमानी, घुमटाखालच्या पाकळ्या, सगळे आदिलशाही, आणि कोकणात या जातीचे दुसरे काम नाही. आपल्या किनाऱ्यावर किब्ला पश्चिमेला येतो. त्यामुळे समुद्रातून खाडीत शिरणाऱ्या नाखव्याला आधी मशिदीची पाठ, म्हणजे मेहराबाची भिंत दिसत असणार. जहाजाचा नाळ आणि नमाज्याचे तोंड, दोन्ही एकमेकांसमोर.

बांधकाम १६५९-६० चे. लोक सांगतात की विजापूरची आयेशाबीबी हजला निघाली होती. दर्यावर चाचे असल्याने जहाज सुटेना, तेव्हा सोबत आणलेला पैसा तिने इथे मशिदीत घातला. म्हणून हिला माँसाहेबाची मशीद म्हणतात. अंडा मशीद हे नाव मात्र आम्हाला आवडत नाही. आख्यायिकेचे खरेखोटे करत बसण्यात अर्थ नाही. दाभोळहून हजची जहाजे सुटत आणि दर्या सुरक्षित नव्हता, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने हे शहर जाळले होते. मुलगा चौलच्या लढाईत पडला, त्याचा राग त्याने दाभोळकरांवर काढला.

सालाचाही योग पाहा. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफजलखान पडला आणि थोड्याच दिवसांत मराठी फौज दाभोळवर येऊन थडकली. सत्ता बदलली, मशीद राहिली. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये मालवणला सिंधुदुर्गाचा पाया घातला. १६७९ मध्ये खांदेरीच्या पाण्यात त्यांचे आरमार लढले, तेव्हा सरदारांत दौलतखान होता. मालवणच्या होडीवाल्यांनी पर्यटकांना किल्ला दाखवताना हे नावही घ्यावे, एवढे मागणे फार नाही.

दाभोळला जाणाऱ्यांना एक सूचना. फेरीबोटीत बरेच लोक गाडीच्या काचा वर करून आत बसून राहतात. तसे करू नये. उतरून कठड्याशी उभे राहावे, आणि सोबत मुले असतील तर त्यांना पुढे करावे.