रशियन ‘क्राकोझ्याब्री’ आणि आपलं वऱ्हाड

मंडळी, आज थोडा रशियन इंटरनेटचा इतिहास. नागपुरात बसून रशिया काहून? थांबा, येतो आपल्याकडे.

नव्वदच्या दशकात रशियन अक्षरांसाठी कॉम्प्युटरवर एकाच वेळी अनेक कोड चालत. युनिक्सवाल्यांचा कोई-८, विंडोजचा १२५१, डॉसचा तिसराच. एका कोडमधली मेल दुसऱ्यात उघडली की नुसता कचरा! या कचऱ्याला रशियन लोकांनी नावच ठेवलं, ‘क्राकोझ्याब्री’. कित्येक साइट्सवर वर बटणं असत: तुमचा कोड निवडा.

कोई-८ मात्र मोठा हुशार. जुन्या मेल यंत्रणा प्रत्येक अक्षराचा आठवा बिट खाऊन टाकत. तो गेला की उरायची उच्चाराला जवळची रोमन अक्षरं. कॅपिटल-स्मॉल उलटं व्हायचं, पण मजकूर वाचता यायचा! १९९३ मध्ये आरएफसी १४८९ म्हणून कोई-८-आरची रीतसर नोंद झाली.

आता आपण. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ सालीच होतं. पण वेबवर राज्य चाललं फॉन्टचं. पेपर वाचायचा तर आधी त्याचा फॉन्ट उतरवा. दुसरा पेपर, दुसरा फॉन्ट. रशियन कोड कितीही असले तरी प्रत्येक आकडा एका अक्षराचा होता. एक तक्ता घेतला की रूपांतर झालं. आपल्या फॉन्टमध्ये आकडा अक्षराच्या तुकड्याचा. काना वेगळा, अर्धा ‘श’ वेगळा, आणि प्रत्येक फॉन्टचा तक्ता निराळा. फॉन्ट हरवला की लेखही गेल्यातच जमा.

पुढे युनिकोड रुळलं. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली, १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला. सुटलो म्हणावं, तर आमचं वऱ्हाड आडवं आलं! ‘वऱ्हाड’, ‘पऱ्हाटी’ यांतला तो अर्धा ‘र’ दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र्’पुढे एक अदृश्य चिन्ह घालून. दिसायला सारखेच, पण कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. साधा शोध घेतला तर एक सापडतो, दुसरा राहतो.

असो. घरात जुन्या मराठी फाइल्सची सीडी असेल तर सोबत फॉन्टही जपा, आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये आणा. क्राकोझ्याब्री परत वाचता येतात. आपल्या फाइल्सचं तसं नाही.