हंगामाबाहेरची असई

मराठी निसर्गवर्णनाला काही प्रदेश सवयीचे आहेत. कोकणचा समुद्र, सह्याद्रीचे घाट, श्रावणातला मावळ ही त्याची ठरलेली ठिकाणे. मराठवाड्याचा निसर्ग साहित्यात येतो तो बहुधा दुष्काळ म्हणून. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याचे रान ना. धों. महानोर यांनी १९६७ साली ‘रानातल्या कविता’मधून मराठी कवितेत आणले, तेव्हा त्याची अपूर्वाई वाटली ती यामुळेच. त्याच डोंगररांगेच्या दक्षिणेला, जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात असई हे गाव आहे. त्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीपुरते येते आणि निसर्गाच्या पुस्तकात येतच नाही. या दोन अनुपस्थितींचा परस्परांशी काही संबंध आहे का, हा या टिपणाचा विषय आहे.

प्राचीन ग्रीसमध्ये युद्धाला हंगाम असे. हिवाळ्यात समुद्र बंद, गलबते किनाऱ्यावर ओढलेली, बेटे आपापल्या एकांतात. थुसिडिडीसने पेलोपोनेशियन युद्धाचा वृत्तान्त उन्हाळे आणि हिवाळे मोजत लिहिला, तो या वास्तवाला धरूनच. आपल्याकडे हीच गोष्ट पावसाळ्याने घडवली. चार महिने छावणी आणि दसऱ्याला सीमोल्लंघन, हा मराठी फौजांचा रिवाज. त्यामागे धर्मविधी होता, तसाच भूगोलही होता. काळ्या मातीच्या प्रदेशात भाद्रपदात तोफांचे गाडे रुततात, नद्या उतार देत नाहीत आणि घोडदळाचे मुख्य बळ जी चपळता, तीच अडून बसते.

आर्थर वेलस्लीने नेमके हेच हेरले होते. नद्या दुथडी भरलेल्या असतात तोच काळ मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेला सोयीचा, असे त्याचे लेखी मत होते. वसईच्या तहानंतर (३१ डिसेंबर १८०२) युद्ध अटळ झाले, तेव्हा त्याने नद्या ओलांडण्यासाठी होड्यांची तयारी ठेवली आणि ऑगस्ट १८०३ मध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात, हालचाल सुरू केली. १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला पडला. २ सप्टेंबरला कर्नल स्टीव्हन्सनने जालना घेतले. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. हंगामाबाहेरचे हे युद्ध हा योगायोग नव्हता, ती योजना होती.

असईची भूमी या योजनेचाच एक भाग ठरली. दक्षिणेला केळणा, उत्तरेला जुई (इंग्रजी कागदपत्रांतली ‘जुआ’) आणि पूर्वेकडे दोहींचा संगम. मध्ये निमुळती होत गेलेली जमिनीची जीभ, जवळजवळ एखादे बेटच. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघुजी भोसले यांच्या फौजा केळणेच्या उत्तर तीरावर पसरल्या होत्या. शिंद्यांच्या कवायती पलटणींचे नेतृत्व पोलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याकडे होते, आणि तोफा शंभरच्या घरात होत्या. समोरून नदी ओलांडणे अशक्य. वाटाड्यांनी सांगितले की जवळपास उतार नाही. वेलस्लीला मात्र दुर्बिणीतून एकमेकांसमोर, दोन तीरांवर वसलेली पिंपळगाव आणि वरूड ही गावे दिसली. दोन गावे अशी समोरासमोर आहेत, तर त्यांच्यामध्ये येण्याजाण्याची वाट असणारच, असा त्याने तर्क केला. उतार सापडला आणि दिवसाचा निकाल फिरला.

सामान्यतः हा प्रसंग वेलस्लीच्या बुद्धिमत्तेचा दाखला म्हणून सांगितला जातो. तो तसा आहेही. परंतु त्या उताराचा शोध त्याने लावला, असे म्हणणे कितपत योग्य? तो उतार गावकऱ्यांच्या पायांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवलेला होता. बाजाराला जाणाऱ्यांनी, गुरे पाण्यावर नेणाऱ्यांनी, या तीरावरून त्या तीरावर नांदायला गेलेल्या लेकींनी. वेलस्लीने वाचला तो मजकूर त्यांनी लिहिलेला होता. इतिहासग्रंथांत वाचकाचे नाव राहिले, लेखकांचे राहिले नाही.

त्या दिवशी वेलस्लीच्या बाजूचे सुमारे सोळाशे मेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. शिंदे-भोसल्यांच्या बाजूची हानी सहा हजारांच्या आसपास असल्याचा अंदाज केला जातो. पोलमनच्या पलटणींनी ऐन लढाईत मोर्चा पूर्वेकडे फिरवला आणि असई गावाजवळच्या तोफांनी चौऱ्याहत्तराव्या हायलँडर पलटणीची दाणादाण उडवली. हा पराभव लढून झालेला होता. डिसेंबरात देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह झाले. त्याच सुमारास दख्खनमध्ये दुष्काळ होता. फौजांची लूट आणि पावसाची ओढ या दोहोंनी तो भीषण केला. हंगाम मोडल्याची किंमत कुणब्याने दिली. तीही लढाईच्या आकड्यांत नाही.

म्हणून असईला जायचे तर केव्हा जावे, या प्रश्नाला इतिहासाच्या दृष्टीनेही अर्थ आहे. अजिंठ्याच्या वाटेवरचा प्रवासी येथे सहसा वळत नाही. चैत्र-वैशाखात तर कोणीच नाही. तेव्हा नदीचे पात्र कोरडे असते, बांधावरची बाभूळ तेवढी हिरवी आणि उलंगलेल्या काळ्या रानाला हातभर भेगा. हे सौंदर्य लगेच ओळख देत नाही. परंतु दरडींची उंची, पात्राचे वळण, चढ नेमका कोठे सौम्य होतो, ही त्या भूमीची अस्थिरचना दिसते ती याच दिवसांत. उलट तो उतार इतका मोलाचा का होता, हे उन्हाळ्यात कळत नाही, कारण तेव्हा नदी कोठूनही ओलांडता येते. ते कळायला भाद्रपद हवा. बांधावर पिवळा तरवड फुललेला, कपाशी कमरेला आलेली आणि केळणेला गढूळ पाणी. तेही पाऊस झाला तर. २०१२-१३ च्या अवर्षणात याच जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या.

एका ऋतूत आकार कळतो, दुसऱ्या ऋतूत अर्थ. आपल्या अभ्यासक्रमात इतिहास, भूगोल आणि साहित्य यांचे तास वेगळे झाले, तेव्हा असईसारखी ठिकाणे तिन्ही तासांच्या मधल्या सुट्टीत हरवली. तारीख इतिहासाला गेली, नदी भूगोलाला, आणि साहित्याकडे दुष्काळ तेवढा उरला. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला आपल्या गावाच्या ओढ्याविषयी लिहायला सांगितले, तर तो अजूनही पाठ्यपुस्तकातला कोकणी झरा लिहितो. त्याने वेलस्लीप्रमाणे समोरासमोरची दोन गावे पाहावीत आणि मधल्या वाटेचा तर्क करावा. फक्त ती वाट कोणाच्या पायांनी पडली, हे विचारायला विसरू नये.