क्रियापदाचे साचे : रायतूर, रीगा आणि कबनूर

मराठी क्रियापदाच्या व्याकरणाचा इतिहास शिकवताना आम्ही एका दूरच्या भाषेचा दाखला मुद्दाम घेतो. ती भाषा म्हणजे बाल्टिक समुद्राकाठची लाट्वियन. फादर स्टीफन्स यांचे कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले. त्यानंतर चारच वर्षांनी, १६४४ मध्ये, रेहेहूझेन या जर्मन पाद्र्याने रीगा येथे लाट्वियनचे पहिले व्याकरण प्रसिद्ध केले. दोन्ही ग्रंथ परक्यांनी लिहिलेले, आणि दोन्ही लॅटिनच्या वळणाचे.

लॅटिनच्या साच्यात आपल्या भाषा कोंबल्या गेल्या, ही तक्रार आपल्याकडे सर्रास ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. 'मला पोथी वाचायची आहे' हे साधे वाक्य घ्या. येथे कर्ता चतुर्थीत आहे आणि क्रियापद पोथीच्या मागे चालले आहे. पोथीऐवजी ग्रंथ म्हटले की लगेच 'वाचायचा' होते. हाच आशय लाट्वियनमध्ये 'मन यालसा ग्रामता' असा येतो. 'मन' म्हणजे मला, 'ग्रामता' म्हणजे पुस्तक. 'लसा' (वाचतो) या रूपाला 'या' हा उपसर्ग लागला की कर्तव्याचा अर्थ उमटतो. एरवी 'मी वाचतो' म्हणताना पुस्तक द्वितीयेत, 'ग्रामतू' असे असते. कर्तव्य येताच ते प्रथमेत जाते. फरक एवढाच, की तेथील क्रियारूप कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही. लॅटिनमध्ये मात्र ते बदलते, अगदी मराठीसारखे! म्हणजे या एका जागी तरी जुन्या पाद्र्यांच्या हातातला साचा बरा होता. इंग्रजीत 'आय मस्ट रीड' म्हणताना कर्ता प्रथमेतच अडून बसतो, आणि आज आपली मुले परकी भाषा शिकतात ती बहुधा याच वाक्याच्या आधाराने.

केरीचे मराठी व्याकरण १८०५ चे, दादोबा पांडुरंगांचे १८३६ चे. दादोबांसमोर इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता, हे सर्वश्रुत आहे. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त प्रयोगविचाराला जो विस्तार मिळाला, तो आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. क्रियापद कर्त्याच्या मागे जाते, कर्माच्या मागे जाते, की कोणाच्याच नाही, हा प्रश्न विचारल्यावाचून मराठी क्रियापदाला हात घालताच येत नाही.

हाच प्रश्न कबनूरच्या बोलीलाही विचारता येतो. मागांच्या या परिसरात कानडी कानांवर सतत पडते. सीमाभागातला विद्यार्थी 'मी जेवण केलो' असे लिहितो आणि आपली तांबडी पेन्सिल त्यावर तत्काळ फिरते. वस्तुतः कानडी क्रियापद भूतकाळातही कर्त्याच्याच मागे जाते. त्या वळणाने येथे कर्मणीचा कर्तरी झाला आहे. तोच विद्यार्थी पुढच्या ओळीत 'मला वही घ्यायची आहे' असे बिनचूक लिहितो. 'मी वही घ्यायचो आहे' असे त्याच्या तोंडून आम्ही कधी ऐकलेले नाही.