पाणी पिऊन मेलेलं रान

आपल्याकडे कुणी वारलं की माणसं 'मातीला' जातात. पण मातीच गेली, तर कुणी कुणाच्या दारी जायचं? नीरा खोऱ्यातल्या शेतकऱ्यांवर ही वेळ शंभर वर्षांपूर्वीच आली होती.

1876 ते 1878 च्या दुष्काळानं दख्खनचा मुलूख होरपळला. त्यानंतर सरकारनं नीरा डावा कालवा काढला. 1885 मध्ये त्याचं पाणी सुरू झालं. बारामतीच्या काळ्या रानात ऊस उभा राहिला, भाकरीला महाग असलेल्या भागात गुऱ्हाळं पेटली. अशा कालव्याला नावं कोण ठेवील?

पण भारी काळी जमीन पाणी धरून ठेवते, लवकर सोडत नाही. कालवा पाझरत राहिला. जास्त पाणी म्हणजे जास्त ऊस, या समजुतीनं पाटही वाहत राहिले. जमिनीखालची पाण्याची पातळी वर चढली आणि पोटातले क्षार विरघळून, वातीतून तेल चढावं तसे वर आले. उन्हानं पाणी उडून गेलं, मीठ मागं राहिलं. आधी सखल कोपऱ्यात पांढरी पूड दिसते, मग उगवण विरळ होते, शेवटी रान पडीक पडतं. क्षारांत सोडियम जास्त असलं की माती घट्ट होते, पाणी आत मुरत नाही. तिला चोपण म्हणतात. आमचे आजोबा आमच्या अशाच तुकड्याला 'पाणी पिऊन मेलेलं रान' म्हणायचे.

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या खाऱ्या जमिनींचा अभ्यास 1910 मध्ये प्रसिद्ध केला. पुढं दख्खनच्या कालव्यांखाली निचऱ्याचे चरही खोदले गेले. म्हणजे रोग कळला होता, औषधही माहीत होतं. तरीही नंतर कृष्णाकाठच्या सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात तीच चूक पुन्हा झाली.

उपायाचा क्रम महत्त्वाचा. आधी निचरा: उघडे चर किंवा जमिनीखाली सच्छिद्र नळ्या. मग माती तपासून, चोपण असेल तर जिप्सम. त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं. नंतर गोड्या पाण्यानं क्षार धुवायचे, ताग किंवा धैंचा गाडायचा आणि पुढं पाणी बेतानंच द्यायचं. निचऱ्याआधी टाकलेलं जिप्सम वायाच जातं, कारण सुटलेल्या मिठाला बाहेर जायला वाटच नसते.

खरी अडचण इथंच आहे. चर एकट्याच्या शेतात संपत नाही. खालच्या शेतकऱ्यानं वाट दिली, तरच पाणी ओढ्याला लागतं. वीतभर बांधासाठी कोर्टाची पायरी चढणारे आपण, शेजाऱ्याच्या खाऱ्या पाण्याला वाट देऊ का?

आजोबांचा शब्द आज मला थोडा बदलावासा वाटतो. ते रान मेलेलं नव्हतं, गुदमरलेलं होतं. कालव्याला पाणी आलं की आपण नारळ फोडतो. जास्तीचं पाणी बाहेर नेणाऱ्या चराच्या तोंडाशीही एक नारळ फोडायला हवा, आणि त्याचा पहिला तुकडा खालच्या शेजाऱ्याच्या हातावर ठेवायला हवा.