अंधेरीचं मैदान आणि २,५६९ माणसं

१ जून २०१८. अंधेरीच्या स्टेडियममध्ये भारताची मॅच बघायला २,५६९ माणसं आली होती. त्यातला एक मी. भारतानं चायनीज तैपेईला ५-० हरवलं, सुनील छेत्रीनं हॅटट्रिक केली आणि आम्ही ओरडलो तर समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडून आमचाच आवाज परत यायचा.

दुसऱ्या दिवशी छेत्रीचा तो व्हिडिओ आला. आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियममध्ये या, असं तो हात जोडून सांगत होता. मला लाज वाटली आणि थोडा रागही आला. आम्ही तर आलोच होतो ना!

पण खरं सांगायचं तर हे मैदान फुटबॉलचं आहे हेच कुठे कुणाला माहीत होतं? रिक्षावाल्याला ‘मुंबई फुटबॉल अरिना’ सांगून बघा. ‘स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स’ म्हटलं तरच तो मीटर टाकेल. सरकारी नाव शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल. महापालिकेनं १९८८ साली बांधलेलं. माझ्या आईसाठी मात्र ते मायकल जॅक्सनचं मैदान. १ नोव्हेंबर १९९६ ला शिव उद्योग सेनेसाठी त्याचा शो इथेच झाला. आईला तिकीट परवडणारं नव्हतं. ती शेजारणींबरोबर बिल्डिंगच्या गच्चीवर उभी राहिली आणि जेवढं ऐकू आलं तेवढ्यावर आजही खूश आहे. पुढे सिनेमावाल्यांचे अवॉर्ड सोहळेही इथे व्हायचे.

फुटबॉल होता तो तिकडे, कुपरेजला. १८९१ मध्ये सुरू झालेला रोव्हर्स कप वर्षानुवर्षं तिथे रंगला. उपनगरातल्या पोरांसाठी मोठी मॅच म्हणजे चर्चगेट लोकल. या शतकाच्या सुरुवातीलाच तो कपही बंद पडला.

२०१४ ला आयएसएल आली. मुंबई सिटीचे पहिले दोन सीझन नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर गेले, म्हणजे क्रिकेटच्या घरी. २०१६ मध्ये टीम अंधेरीला आली. त्याच सप्टेंबरमध्ये भारतानं इथे प्युर्तो रिकोला ४-१ हरवलं. मुंबईत तब्बल ६१ वर्षांनी आंतरराष्ट्रीय मॅच झाली होती. नोव्हेंबरमध्ये डिएगो फोरलाननं केरळा ब्लास्टर्सविरुद्ध हॅटट्रिक मारली. २०१० च्या वर्ल्डकपचा गोल्डन बॉल जिंकलेला माणूस आमच्या आझाद नगर मेट्रो स्टेशनच्या शेजारी गोल करत होता!

आणि मग ४ जून २०१८. छेत्रीची शंभरावी मॅच, समोर केनिया. तिकिटं संपलेली. पाऊस असा की बॉल पाण्यात अडकून थांबायचा. हाफटाइमला ०-०. कोणी हललं नाही. ६८ व्या मिनिटाला छेत्रीची पेनल्टी, लगेच जेजेचा गोल, शेवटी पुन्हा छेत्री. ३-०. मी रेनकोट कधी काढून फिरवायला लागलो, मला आठवत नाही. सहा दिवसांनी फायनलमध्ये त्याच केनियाला २-० हरवलं, दोन्ही गोल छेत्रीचे. आंतरराष्ट्रीय गोल झाले ६४, तेव्हाच्या मेस्सीइतके.

त्यानंतर मुंबई सिटीनं दोनदा आयएसएल कप जिंकला. २०२१ मध्ये गोव्यात, कोविडमुळे रिकाम्या स्टेडियममध्ये, आणि २०२४ मध्ये कोलकात्यात. २०२३ ला आशियातले मोठे क्लब आले, तेव्हा टीमच्या ‘घरच्या’ मॅच पुण्याच्या बालेवाडीला झाल्या आणि अल हिलालविरुद्धची नेरूळला. अंधेरीत सात-आठ हजारांचीच सोय. घर आहे, पण मोठे पाहुणे आले की दुसरीकडे हॉल घ्यावा लागतो, तसं काहीसं.

माझ्या एका मित्राला मी १ तारखेला चल म्हणालो होतो. ‘चायनीज तैपेईला कोण बघतं,’ म्हणाला. ४ तारखेला त्यानं तिकिटासाठी मला अकरा फोन केले. हल्ली तो लोकांना सांगतो की आम्ही दोघंही १ तारखेला होतो. मी काही बोलत नाही. असे ‘होतो’ म्हणणारे मला आतापर्यंत एवढे भेटलेत की २,५६९ खुर्च्या कधीच भरून गेल्या असत्या.