अंगणवाडीचा इतिहास आणि अमरावती जिल्हा : ताराबाई मोडक ते धारणी प्रकल्प

महाराष्ट्रातील बालशिक्षणाच्या इतिहासात बोर्डी व कोसबाड ही नावे अग्रक्रमाने येतात आणि ते उचितच आहे. तथापि या इतिहासाचे दोन धागे अमरावती जिल्ह्यात सापडतात. त्यांचा एकत्रित विचार केल्यास, अंगणवाडीतून खेळ मागे पडून केवळ आहार का उरला, या प्रश्नावर प्रकाश पडतो. प्रस्तुत लेखाचा तोच हेतू आहे.

पहिला धागा व्यक्तिगत आहे. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) विवाहानंतर अमरावतीस आल्या. त्यांचे पती कृष्णराव मोडक तेथे वकिली करीत. हा संसार टिकला नाही. १९२१ मध्ये त्या अमरावती सोडून राजकोटला गेल्या आणि पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. अमरावतीच्या वास्तव्याने त्यांना बालशिक्षणाची दिशा दिली, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. येथून निघाल्यावरच त्यांना आपले कार्य गवसले, एवढेच म्हणता येते.

माँटेसोरी पद्धतीचा गाभा हाताच्या कामात आहे. दट्ट्या उचलणे, बटणे लावणे, पाणी न सांडता ओतणे या कृतींतून स्नायूंवर ताबा येतो व त्याबरोबरच बुद्धी घडते. परंतु ही साधने महाग होती. १९४५ मध्ये बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाल्यावर ताराबाई व अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हेच साधनसाहित्य केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी जन्मली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा आली. चिंचोके वेचून ओळीत मांडणारी बोटेच पुढे पेन्सिल धरतात. ही साधी गोष्ट त्यांनी आदिवासी पाड्यावर सिद्ध करून दाखविली. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडला गेले.

दुसरा धागा शासकीय आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. महाराष्ट्रातील आरंभीच्या प्रकल्पांत मुंबईतील धारावी आणि मेळघाटातील धारणी यांचा समावेश होता. योजनेने ‘अंगणवाडी’ हे नाव स्वीकारले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि शालापूर्व शिक्षण अशा सहा सेवा ठरल्या. नाव बालशिक्षणाच्या चळवळीचे असले, तरी योजनेची चौकट पोषणाची होती.

मेळघाटात हा तोल आणखी ढळला. १९९३ मध्ये तेथील बालमृत्यूंचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यानंतर वजनाचा काटा व आहाराची नोंदवही यांनाच अग्रक्रम मिळाला. उपाशी मुलाला आधी अन्न हवे, हे निर्विवाद आहे. पण कुपोषित मुलाला खेळही तितकाच लागतो, याचा विसर पडला. जमैकात कुपोषित बालकांवर झालेल्या अभ्यासाने १९९१ मध्येच दाखविले होते की आहार व खेळ दोन्ही मिळालेल्या मुलांचा विकास केवळ एकच गोष्ट मिळालेल्यांपेक्षा अधिक होतो. ताराबाईंना हे आकडेवारीविना कळले होते.

भाषेचा प्रश्न याहून अवघड आहे. मेळघाटातील बहुसंख्य मुलांची घरची भाषा कोरकू. ती मुंडा कुळातील असून मराठीशी तिचे नाते नाही. व्याघ्र प्रकल्पातील काही गावांचे पुनर्वसन अकोला जिल्ह्यातील अकोट-तेल्हारा भागात झाले, तेव्हा तेथील मुलांभोवती एकाएकी वऱ्हाडी आली. अशा वेळी शब्दांआधी हातांचा खेळ उपयोगी पडतो. ज्वारीच्या धांड्यांची गाडी, मातीचे बैल, तान्ह्या पोळ्याचा चाकांचा लाकडी बैल हे साहित्य परिसरातच आहे; त्यासाठी अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आणि २०२३ मध्ये केंद्र शासनाने ‘पोषण भी पढाई भी’ हा उपक्रम जाहीर केला. या नावातील ‘भी’ हा शब्द इतिहासाच्या अभ्यासकाला थांबवितो. कारण धारणीत ही जोड १९७५ च्या सहा सेवांतच लिहिलेली होती.